तांबं किती आहे?

बोअरची मोटार बसवायला निघालेला आमच्या बीड जिल्ह्यातला शेतकरी केबलच्या दुकानात सहजासहजी फसत नाही. केजच्या बाजारात एका काकांना मी केबल घेताना पाहिलं. त्यांनी टोकाचं आवरण सोलायला लावलं, तारा तळहातावर पसरल्या आणि विचारलं, "चार एमएमचीच हाय ना? आयएसआयचा शिक्का कुठंय?" शिक्का डोळ्यांनी बघितला, मगच पैसे काढले. निघता निघता त्यांना आठवण झाली. "भाऊ, मोबाइलची चार्जिंगची वायर बी दे एखादी. सी पिनची. कोणतीबी दे."

ते "कोणतीबी" मला खटकलं. कारण मोटारीच्या केबलबद्दल काकांना जे पक्कं ठाऊक होतं, तेच मोबाइलच्या वायरलाही जसंच्या तसं लागू आहे.

आष्टी, पाटोदा, धारूरकडच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात बोअर खोल जातात. पाच एचपीची थ्री फेज मोटार साधारण 9 अँपिअर करंट घेते. 200 मीटर केबल दीड एमएमची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची असेल, तर जवळजवळ 36 व्होल्ट केबलमध्येच जिरतात. चार एमएमची घेतली तर साडेतेराच्या आसपास. डीपीवरून वीज आधीच कमी दाबानं आलेली असते. दाब आणखी पडला की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. मग भरून आणायचा खर्च, आणि तोवर पीक पाण्यावाचून. हे सोसलेलं असल्यामुळंच काका तारा मोजून घेत होते.

आता मोबाइलची वायर. घरातली एक मेलेली वायर मी ब्लेडनं कापून पाहिली. बाहेरून चांगली जाडजूड, करंगळीएवढी नाही पण तिच्या निम्मी तरी. आत मात्र केसासारख्या मोजक्या तारा, बाकी सगळं प्लॅस्टिक. एक तार ब्लेडनं खरवडली तर तांबूस रंग निघून पांढरा धातू दिसला. तांब्याचा नुसता मुलामा! आत ॲल्युमिनियम असेल तर त्याच जाडीत वाहकाचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. लोखंड असेल तर त्याहून कितीतरी अधिक, आणि ती तार चुंबकाला चिकटते.

अस्सल तांबं असूनही तार फार बारीक असेल तरी हिशेब बिघडतोच. 28 गेजची तार म्हणजे जेमतेम 0.08 चौरस मिलिमीटर. एक मीटर वायरीत करंट जाऊन परत येतो, म्हणजे रस्ता दोन मीटरचा. 2 अँपिअरला त्यात सुमारे 0.85 व्होल्ट जातात, आणि चार्जरच्या 5 व्होल्टपैकी फोनपर्यंत सव्वाचारसुद्धा पोचत नाहीत. त्याहून जाड 24 गेजच्या तारेत हीच घट 0.34 व्होल्ट. दाब पडला की मोटार करंट वाढवते. फोन मात्र उलट करंट कमी घेतो. म्हणून तो जळत नाही, तासन् तास रेंगाळतो. आणि आपण बॅटरीला दोष देतो.

बरेचसे फास्ट चार्जर 5 ऐवजी 9 किंवा जास्त व्होल्ट देतात, ते याचसाठी. परळीच्या औष्णिक केंद्रातली वीज लाखो व्होल्टनी दूर धाडतात, त्यामागचं तत्त्वही हेच: दाब जास्त, करंट कमी, तारेत नुकसान कमी. सी टाइप वायरीतून 3 अँपिअरहून जास्त न्यायचं तर नियमानुसार तिच्या पिनमध्ये एक छोटी चिप लागते. ती चार्जरला सांगते की मला एवढं झेपेल.

चुकीची वायर नुसती मंद असते असंही नाही. बेन्सन लिउंग हे गूगलचे अभियंता बाजारातल्या सी टाइप वायरी स्वतः तपासत असत. 2016 मध्ये एका वायरीत तारांची जोडणीच उलटी निघाली आणि त्यांचा लॅपटॉप निकामी झाला.

हे सगळं आत्ता, दिवाळीत लिहायला कारण आहे. आमच्याकडचे हजारो कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, याच सुमाराला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. तिथल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, वीज असेलच असं नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर किंवा गावातल्या एखाद्या दुकानात अर्धा-पाऊण तास बोर्ड मिळतो. तेवढ्यात फोन किती भरेल, हे वायरीवर ठरतं. घरी आजीजवळ ठेवलेल्या लेकराशी आईचं बोलणं त्या फोनवर असतं. गावात राहिलेल्यांचंही तेच. 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आहे, आणि बांधावर फोटो काढायच्या वेळी फोन मान टाकतो.

तेव्हा वायर घेताना मोटारीच्या केबलसारखीच घ्या. पाकिटावर किती अँपिअर किंवा किती वॅट लिहिलंय ते वाचा; काहीच लिहिलेलं नसेल तर परत ठेवा. गरजेपेक्षा लांब घेऊ नका. फोन संगणकाला जोडायचा असेल तर डेटा जातो का ते विचारा, कारण काही स्वस्त वायरींत त्या तारा नसतातच. चार्जरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पिनजवळ तापणारी, सोललेली वायर चिकटपट्टी गुंडाळून वापरू नका, विशेषतः पाचटाच्या कोपीत. तिथं एक ठिणगीसुद्धा नको.

आणि तोडीला निघालेलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर यंदा फराळाच्या डब्यासोबत एक चांगली वायर त्यांच्या हातात द्या.