चुन्याने गेलेली नजर परत कशी येते?

गवंड्याच्या किंवा रंगाऱ्याच्या डोळ्यात चुना उडाला, म्हणजे सोबतचे लोक फुंकर घालतात, पदराची ऊब देतात, आणि मग दवाखान्याची वाट धरतात. या धांदलीत राहून जाते ते पाणी. ते का राहू नये, आणि एवढे करूनही डोळा अधू झालाच तर आजचे नेत्रवैद्यक त्याला कुठवर परत आणू शकते, हे येथे सांगावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे; कामगारांत वावरताना जे वाचले व जाणत्यांना विचारून घेतले, तेवढेच मांडतो.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. आम्ल डोळ्यात गेले, तर वरच्या थरातील प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थराचाच काहीसा आडोसा होतो. चुना आणि कॉस्टिक सोडा यांची जात निराळी. पेशींच्या आवरणात जी चरबी असते, तिचा ते अक्षरशः साबण करतात आणि आत आत उतरत जातात.

म्हणून पहिला उपचार कामाच्या जागीच व्हावयास हवा. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान १५ ते ३० मिनिटे सोडावी, आणि मगच रुग्णालय गाठावे. तेथे डॉक्टर पापणी उलटून अडकलेले चुन्याचे कण काढतात व डोळा पुन्हा धुतात. मात्र लोखंडाचा कण डोळ्यात घुसून बसला असेल, तर धुऊ नये, दाबू नये, उपसू नये. वर वाटीसारखे झाकण धरून थेट तज्ज्ञाकडे न्यावे.

पडदा पांढरा पडला तर तो बदलता येतो. माणसाच्या डोळ्यात अशी पूर्ण जाडीची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोऊत्स या गावी एदुआर्ड झिर्म यांनी केली. रोगी होता चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर. पडदा मिळाला तो ११ वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यातून. लोखंडाचे कण घुसल्याने तो डोळा काढावा लागला होता. मजुराच्या एका डोळ्यातील कलम फसले, दुसऱ्यातील टिकले.

चुन्याच्या भाजण्यात ही कलमे पुष्कळदा फसतात. त्याचे कारण पुढे उमगले. कॉर्नियाचा वरचा थर सतत झिजतो, आणि काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरील कडेत असलेल्या मूळपेशी तो नव्याने भरून काढतात. ही कड जळाली, की पांढऱ्या भागावरील त्वचा रक्तवाहिन्यांसह काळ्यावर चढते. रोपवाटिकाच जळाली, मग नुसते नवे वाफे घालून काय उपयोग?

तेव्हा आधी कड दुरुस्त करावयाची. १९९७ साली इटलीत ग्राझिएला पेलेग्रिनी व सहकाऱ्यांनी रोग्याच्याच चांगल्या डोळ्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून लावल्याचे प्रसिद्ध केले. हे काम खर्चाचे. २०१२ साली हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील वीरेंदर संगवान व सहकाऱ्यांनी सोपी रीत मांडली: चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घ्यावा, त्याचे बारीक कण करावेत, आणि जखमी डोळ्यावर गर्भवेष्टनाचा पातळ पापुद्रा पसरून त्यावर ते पेरावेत. पेशी डोळ्यातच वाढतात. निराळी प्रयोगशाळा लागत नाही. खालचा पडदाही गढूळ असेल, तर त्याचे कलम नंतर करतात.

याला मर्यादा आहेत. दोन्ही डोळे गेले असतील तर पेशी नातलगाच्या किंवा मृत दात्याच्या घ्याव्या लागतात, आणि शरीराने त्या झिडकारू नयेत म्हणून औषधे घेत राहावे लागते. डोळ्याचा आतला पडदा किंवा दृष्टीची नसच गेली, तर वरच्या दुरुस्तीने नजर येत नाही.

शस्त्रवैद्य कितीही कुशल असो, त्याला काम करावयाचे ते उरलेल्या डोळ्यावर. आणि किती उरेल, हे पहिल्या काही मिनिटांत सोबतीच्या माणसांच्या हातून ठरते. १९४८ च्या कारखाना कायद्याने ठिणग्या व कण उडतात अशा कामांसाठी चष्म्याची वा आडपडद्याची तरतूद केली. पण बांधकामाच्या बिगाऱ्याला चष्मा दूर, हाताशी नळसुद्धा नसतो. चुन्याचे काम असेल तेथे चष्मा आणि पाण्याचे भरलेले पिंप हवेच, ही मागणी कामगारांनी मजुरीच्या मागणीइतक्याच नेटाने लावून धरावी. आणि मृत्यूनंतर ६ तासांच्या आत नेत्रदान होऊ शकते, हे आपण सर्वांनी आपापल्या घरी सांगून ठेवावे.