होडीची सहल आणि तेलाचा तवंग

गुलमंडीवरील माझ्या दवाखान्यात परवा एक गृहस्थ आले. अलिबागला होडीतून उतरताना पायांना चिकट काळे तेल लागले. ते त्यांनी रॉकेल चोळून काढले. पायांची आग होत होती. तेलापेक्षा उपायच भोवला!

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन ‘एमएससी चित्रा’तून सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले होते.

असे तेल अंगाला लागल्यास कापडाने पुसावे, खोबरेल लावून सैल करावे, मग साबणाने धुवावे. डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवावेत. वासाने मळमळल्यास मोकळ्या हवेत जावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये. लगेच डॉक्टर गाठावा.

पाण्यावर तवंग दिसला तर होडीत बसूच नये. समुद्र कुठे पळून जात नाही!