वेदीपाशी मुलं

मुंजीत बटू मध्यभागी बसलेला असतो, पण मंत्र गुरुजी म्हणतात, धावपळ काका-मामा करतात आणि बटूचं सगळं लक्ष आत चाललेल्या जेवणाच्या तयारीकडे असतं. आपल्याकडच्या बहुतेक धार्मिक कार्यांत मूल हे निमित्त. कर्ते सगळे मोठे. बँकेच्या नोकरीत १९८८ साली माझी बदली वसईला झाली आणि कॅथलिक शेजाऱ्यांच्या आमंत्रणामुळे त्यांच्या मुलांचे संस्कार जवळून पाहायला मिळाले. तिथे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कामं नेमून दिलेली होती. कुणी बायबलमधला उतारा वाचत होतं, कुणी प्रार्थना सांगत होतं, कुणी वेदीकडे अर्पणाच्या वस्तू नेत होतं. चुकलं तर सगळ्या गावासमोर चुकायचं. मला त्याचं अप्रूप वाटलं आणि तेव्हापासून या विषयाच्या मागे मी जमेल तसा लागलो.

कॅथलिक पंथात संस्कार सात. त्यातला बाप्तिस्मा बहुधा तान्हेपणी होतो, आणि तान्ह्या बाळाला काय कळणार? जुन्या विधीत पुरोहित प्रश्न थेट बाळाला विचारायचे आणि धर्मपिता-धर्ममाता त्याच्या वतीने उत्तरं द्यायचे. १९६९ साली नवा विधी आला, त्यात बाळ हे बाळच आहे हे मान्य करून प्रश्न आईवडील आणि धर्मपालकांना, त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेबद्दल विचारले जाऊ लागले. बदल लहानसा, पण प्रामाणिक. मूल स्वतःच्या पायांनी चालत संस्काराला जातं ते पापनिवेदन आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद, म्हणजेच पहिली कम्युनियन, या वेळी. दृढीकरण पुढे, बहुतेकदा मिसरूड फुटायच्या सुमारास.

कितव्या वर्षी हा प्रसाद द्यायचा, यावर चर्चमध्ये शतकानुशतकं खल झाला. पहिल्या शतकांत तान्ह्यांनाही तो देत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही देतात. पश्चिमेत मात्र ‘समज आल्यावर’ असं ठरलं आणि समजेचं वय वाढत वाढत दहा, बारा, काही ठिकाणी चौदापर्यंत गेलं. १९१० च्या ऑगस्टमध्ये दहावे पायस या पोपमहाशयांनी फर्मान काढून ते सुमारे सात वर्षांवर आणलं. त्यातली अट मला फार शहाणपणाची वाटते. मुलाला सगळं धर्मशास्त्र कळायला नको. वेदीवरची भाकर आणि रोजची भाकर यांतला फरक त्याला कळला की पुरे.

त्याआधी पापनिवेदन. आमच्या घरमालकांचा नातू एका संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे आला. फादरांना सांगायच्या पापांची यादी तो करत होता. शेजारच्या वाडीतले चिकू, बहिणीला चिमटा, आजीच्या डब्यातले दोन रुपये. त्याची अडचण तांत्रिक होती. “काका, एकच पाप दोनदा केलं तर एकदा लिहायचं का दोनदा?” बँकेत तरी नोंदी दोन पडतात, असं मी सांगितलं. तो हिरमुसला, कारण चिकू बऱ्याचदा झाले होते. पण त्या वयात स्वतःच्या वागण्याचा स्वतः हिशेब मांडायला बसणारं मूल मी आधी पाहिलं नव्हतं.

आता ज्या मुलासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याविषयी. आमच्या शाखेतल्या हेडकॅशियरांचा मुलगा जन्मतःच मंदगतीचा होता. वय नऊ, बोलणं चार-पाच शब्दांचं. बरोबरीची मुलं रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रार्थना घोकत होती. त्याला एकही पाठ होईना. शिकवणाऱ्या बाईंनी एक वर्ष थांबा म्हटलं. मग आणखी एक वर्ष. त्यांचंही चुकीचं नव्हतं. वर्गात पन्नास मुलं आणि हातात ठरलेली पुस्तिका. पण घरात आजी होती. मिस्साच्या वेळी सगळी मुलं उठून रांगेत जातात आणि आपला नातू बाकावर बसून राहतो, हे तिला बघवत नसे. “तो काय पाप करणार आणि त्याला काय देव कळायचा राहिलाय?” असं ती मला विचारायची. मी ना त्या धर्माचा, ना त्या अधिकाराचा. ऐकून घ्यायचो.

पुढे नवे फादर आले. ते एकदा घरी चहाला आले तेव्हा मीही होतो. मुलगा चहात पाव बुडवून खात होता. फादरांनी सहज विचारलं, “चर्चमध्ये देतात ते हेच ना रे?” पोराचा हात थांबला. त्याने पाव बशीत ठेवला, जोरात मान हलवली आणि भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवलं. फादर हेडकॅशियरांना म्हणाले, “यंदाच्या यादीत नाव घाला.” १९१० चं ते फर्मान मी वाचलं ते नंतर. फादरांनी त्यातलं कलम पाव आणि चहावर लावून दाखवलं होतं.

त्या वर्षीच्या सोहळ्यात त्याला वाचन देणं शक्य नव्हतं, म्हणून अर्पणाच्या मिरवणुकीत द्राक्षरसाची कुपी दिली. आईचं म्हणणं, कुणीतरी कोपर धरावं. फादर नको म्हणाले. तो इतका हळू चालला की गायकवृंदाला गाणं संपवून पुन्हा धरावं लागलं. माझ्या शेजारी हेडकॅशियर बसले होते. रोज लाखांची रोकड मोजताना न थरथरणारा तो माणूस गुडघे घट्ट धरून बसला होता. कुपी पोचली. एवढंच.

मुलांना अशी कामं देण्यामागे निव्वळ कौतुक नाही, त्याला आधार आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) उपासना लोकांच्या भाषेत आणली, आणि १९७३ साली मुलांच्या मिस्साविषयी रोमहून खास मार्गदर्शिका निघाली. मुलांनी वेदी सजवावी, गावं, वाद्यं वाजवावी, वाचनं करावी, प्रवचनात उत्तरं द्यावी, अर्पणं आणावी, असं तिच्यात आहे. पुरोहिताला मुलांच्या पातळीवर येऊन बोलणं जमत नसेल तर शुभवर्तमानानंतर दुसऱ्या प्रौढाने बोलावं, अशीही सोय आहे. सरकारी असो वा धार्मिक, कुठल्याही परिपत्रकात वरिष्ठाला जमत नसण्याची शक्यता धरलेली मी तरी क्वचितच पाहिली. शिवाय एक इशारा आहे: नुसती बाहेरची हालचाल वाढली आणि आत काही घडलं नाही, तर ती निष्फळ, किंबहुना अपायकारक. आणि मुलांच्या मिस्सातही शांततेला जागा हवी, कारण मुलंही आपल्या परीने चिंतन करू शकतात.

परिषदेपूर्वीची वेदीसेवक मुलं लॅटिन उत्तरं अर्थ न कळता पाठ करत. आमच्याकडच्या रुद्रासारखंच. या मुलांचा आश्रयदाता संत तार्सिसियस. तिसऱ्या शतकातल्या रोममध्ये ख्रिस्तप्रसाद घेऊन जाताना तो मारला गेला. चौथ्या शतकातल्या पोप दमासस यांच्या स्मृतिलेखात त्याचं वय नाही. तो कोवळा मुलगा म्हणून घराघरांत पोचला त्यात कार्डिनल वाइजमन यांच्या १८५४ च्या ‘फाबिओला’ कादंबरीचा मोठा वाटा. कादंबरीकारांच्या हातून कधी कधी असंही घडतं! वसईला मात्र कादंबरीची गरज नाही. इथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया, ज्यांच्या नावाचं महाविद्यालय वसईत आहे, लहानपणी मिशनऱ्यांच्या हाताखाली शिकले, जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर चढवले गेले. त्यांच्यासह सव्वीस जण होते, आणि त्यांत मठात पुरोहितांना मदत करणारी मुलंही होती. सगळ्यांत धाकटा लुईस इबाराकी, वय वर्षं बारा.

मुलींना वेदीजवळ सेवा करायला रोमने हिरवा कंदील दाखवला तो १९९४ साली, तोही प्रत्येक बिशपांच्या मर्जीवर सोडून. वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत पदं स्त्रियांना खुली झाली ती २०२१ च्या जानेवारीत, पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने. उशीर झाला, हे माझं मत. तिथल्या बायकांचंही तेच आहे, फक्त त्या ते हसून सांगतात.

खर्चाबद्दल बोलायला हवं, कारण ती बाजू माझ्या टेबलावर यायची. सोनेतारण कर्जाच्या अर्जात कारणाच्या रकान्यात ‘घरगुती कार्य’ लिहिलेलं असायचं. विचारलं की कळायचं, पोरीची कम्युनियन. मांडव, केक, जेवणावळ, पांढरा झगा, व्हिडिओवाला. पोरगी नवरीसारखी खुर्चीत बसवलेली आणि पाहुणे पाकिटं देताहेत. सकाळी वेदीपाशी जी कर्ती होती, ती संध्याकाळी शोभेची बाहुली. काही धर्मग्रामांत सगळ्या मुलांना एकसारखे साधे झगे घालतात ते मला फार आवडतं. बागायतदाराचा मुलगा कोण आणि त्याच्या वाडीत राबणाऱ्याचा कोण, हे निदान तासभर कळत नाही.

वसईचा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. इथली उपासना मराठीत चालते, पण मुलांच्या शाळा आता बऱ्याचशा इंग्रजी. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत इंग्रजी आणि वेदीवर बायबलची प्रमाण मराठी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं आणि २०२० साली ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा इथे केवढा आनंद होता. तरी आठ वर्षांच्या मुलीने देवनागरी अडखळत वाचावी, ही आजची खरी चिंता आहे. काही आया उतारा रोमन लिपीत लिहून देतात. मला ते खुपतं, पण पोरीला सगळ्यांसमोर गप्प उभं करण्यापेक्षा बरं, असं त्या म्हणतात तेव्हा मला उत्तर सुचत नाही.

मागच्या वर्षी जुन्या घरमालकांकडे गेलो होतो. पापांची यादी करणाऱ्या त्या नातवाची मुलगी ओट्यावर रविवारच्या वाचनाची तयारी करत होती. ‘थेस्सलनीकाकरांस’ या शब्दावर तिची गाडी अडकली. पणजीला अक्षर वाचता येत नाही, पण इतकी वर्षं मिस्सात ऐकून तो शब्द तिच्या कानात बसलेला. लसूण सोलता सोलता तिने त्याचे तुकडे पाडून दिले. पोरगी पुन्हा घसरली. “थांब, श्वास घे,” म्हातारी म्हणाली, “आणि कागदाकडं बघू नको, माझ्याकडं बघ.”