परत बोलाविलेलीं खेळणीं

हातीं आलेली प्रत्येक वस्तु तोंडांत घालून पाहणें हा तान्ह्या मुलांचा स्वभावच होय. त्यांची श्वासनलिका फार अरुंद असते व खोकून वस्तु बाहेर टाकण्याची शक्तिहि अल्प असते. त्यामुळें बाहुलीचा निखळलेला डोळा किंवा खुळखुळ्यांतील मणि क्षणांत त्यांचा श्वास कोंडूं शकतो.

हा धोका ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच, व्यासाची एक आंखूड नळी घेतात. खेळणें अगर त्याचा सुटलेला भाग न दाबतां तींत पूर्णपणें मावला, तर तें खेळणें तीन वर्षांखालील मुलांस अयोग्य ठरतें. आपलें दहा रुपयांचें नाणें २७ मिलिमीटर व्यासाचें आहे, यावरून ह्या मापाची कल्पना येईल. लहान चेंडूंस मात्र याहून मोठें, पावणेदोन इंचांचें, माप लावितात.

विकलेल्या मालांत असा दोष मागाहून आढळल्यास तो परत बोलाविण्याची तरतूद २०१६ च्या भारतीय मानक ब्यूरो कायद्यांत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें किंमतहि परत देवविता येते. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह आवश्यक झालें. नोंदलेल्या हस्तकारागिरांस यांतून सूट आहे. आपल्या उरण तालुक्यांतील न्हावा-शेवा बंदरांत उतरणाऱ्या परदेशी खेळण्यांसहि हाच नियम लागू आहे.

परंतु ज्या खेळण्यावर कर्त्याचें नांवच नाहीं, तें परत कोण बोलावणार, आणि कोणाकडून? जत्रेंत घेतलेल्या निनांवी वस्तूचा माग कोणत्याहि कायद्यास लागत नाहीं. म्हणून शेवटची तपासणी घरींच झाली पाहिजे. खेळणें घेतांना चिन्ह, परवाना क्रमांक व वयाची सूचना पाहावी. डोळे, चाकें, गुंड्या ओढून पाहाव्यात. विजेरीच्या कप्प्याचें झांकण मळसूत्रानें घट्ट बसलेलें असावें. मोडकें खेळणें धाकट्यास देऊं नये.

इतकेंहि करून घांस अडकलाच व मुलास रडतां वा खोकतां येईनासें झालें, तर आंत आंधळेपणानें बोट घालूं नये. वर्षाखालील बालकास डोकें खालीं करून हातावर पालथें धरावें व खांद्यांच्या मधोमध तळहातानें पांच थापा द्याव्यात; मग उताणें करून छातीच्या मध्यभागीं पांच वेळां दाबावें. अडकलेली वस्तु निघेपर्यंत हेंच आळीपाळीनें करीत राहावें, आणि दुसऱ्यानें तत्काळ १०८ क्रमांकास कळवावें.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या गोट्या व सोंगट्या खेळ संपतांच मोजून डब्यांत ठेवा. रांगणाऱ्या भावंडाची दृष्टि जमिनीलगत असते. तेथें काय पडलें आहे, हें तुम्हांआधीं त्यास दिसतें.