हजेरीपट आणि वर्गातील मौन

पंचाहत्तर टक्के हजेरी भरली की विद्यार्थी नियमित ठरतो. परंतु 'हाजिर' या अरबी शब्दापासून आलेली 'हजेरी' देहाची उपस्थिती तेवढी सांगते. अध्ययनातील सहभाग मोजावयाचा म्हणून काही वर्गांत बोलण्यालाही गुण दिले जातात. येथे भाषाशास्त्राने सावध करणे प्राप्त आहे.

सिंक्लेअर व कुल्टहार्ड यांनी १९७५ साली दाखविल्याप्रमाणे वर्गसंवाद बहुधा तिपेडी असतो: शिक्षकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर, पुन्हा शिक्षकाचा अभिप्राय. त्यात उत्तरासाठी शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतो, असे मेरी बड रो यांना अमेरिकेतील शाळांत आढळले. तीन सेकंद थांबताच उत्तरे लांबली आणि एरवी मागे राहणारी मुलेही बोलू लागली.

धाराशिवच्या उपपरिसरात घरी लमाणी, दखनी किंवा मराठवाडी बोली बोलणारा विद्यार्थी आपले उत्तर आधी प्रमाण मराठीत बसवून पाहतो. (परिभाषा इंग्रजीत असली तर दुप्पट खटाटोप!) तेवढ्यात पहिल्या बाकावरून उत्तर आलेले असते, आणि नोंदवहीत हा 'उदासीन' ठरतो. अशा नोंदीपुढे शिक्षक किती थांबला, हेही लिहिले जावे; आणि बोलीतील उत्तर हे उत्तरच धरावे.