पाय मुरगळला की सूज का येते? पेशींचे मेसेज आणि पेनकिलरचं काम, सोप्या भाषेत

आपण इथे नेहमी मोबाइल, अ‍ॅप आणि इंटरनेटबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तोसुद्धा मेसेजचाच आहे. फरक एवढाच, की हे मेसेज फोनवर येत नाहीत. ते तुमच्या घोट्यात, सांध्यात आणि फुप्फुसात फिरत असतात.

समजा खेळताना पाय मुरगळला. थोड्याच वेळात घोटा टम्म फुगतो, लाल होतो, हात लावला तर गरम लागतो आणि पाय टेकवताना जीव जातो. आपण काय करतो? मेडिकलमध्ये जाऊन "एक पेनकिलर द्या" म्हणतो. गोळी घेतली की बरंही वाटतं. पण ती गोळी नेमकं काय करते? तिला दुखरी जागा सापडते कशी? आणि डेंग्यूचा संशय असला की डॉक्टर यातल्याच बऱ्याच गोळ्यांना सक्त मनाई का करतात?

मी डॉक्टर नाही, पण हा विषय वाचायला घेतल्यावर एक गोष्ट लक्षात आली. या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं: पेशी एकमेकींना जे रासायनिक संदेश पाठवतात, त्यांच्यात. चला तर मग, सुरुवातीपासून पाहूया.

इजा झाली हे पेशींना कळतं कसं?

प्रत्येक पेशीच्या आत एटीपी नावाचा रेणू असतो. पेशीची बहुतेक कामं त्याच्या ऊर्जेवर चालतात, म्हणजे पेशीची बॅटरीच म्हणा ना. एरवी तो पेशीच्या आतच असतो, बाहेर अगदी नावापुरता. पाय मुरगळतो तेव्हा घोट्याच्या लिगामेंटचे काही धागे तुटतात, काही पेशी फुटतात आणि आतला एटीपी बाहेर सांडतो. शेजारच्या पेशींवर तो ओळखणारे रिसेप्टर असतात. 'ही वस्तू बाहेर कशी आली? म्हणजे इथे काहीतरी फुटलंय' हे त्यांना तेवढ्यावरून समजतं.

म्हणजे पहिला मेसेज कोणी मुद्दाम लिहीत नाही. सांडलेला माल हाच मेसेज असतो. अमेरिकेत काम करणाऱ्या पॉली मॅटझिंगर यांनी १९९४ साली हीच कल्पना ठामपणे मांडली: आपली रोगप्रतिकार यंत्रणा फक्त 'परकं कोण' हे बघत नाही, 'धोका कुठे आहे' हेही बघते. म्हणूनच एकही जंतू आत शिरलेला नसताना मुरगळलेला पाय सुजतो.

लाल, गरम, सुजलेलं, दुखरं: या चार खुणा येतात कुठून?

सुमारे २००० वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने या चार खुणा एकत्र लिहून ठेवल्या होत्या. त्यांच्यामागचे मेसेज मात्र आपल्याला बऱ्याच उशिरा कळले.

ऊतींमध्ये मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. धोक्याचा इशारा मिळाला की त्या हिस्टामिन सोडतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात. रक्त जास्त येतं, म्हणून जागा लाल आणि गरम होते. हिस्टामिनमुळेच रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या फटी वाढतात आणि रक्तातलं पाणी व प्रथिनं बाहेर झिरपतात. ही झाली सूज. मुरगळलेल्या पायात तुटलेल्या रक्तवाहिन्यांतून सांडलेलं रक्तही त्यात मिसळतं, म्हणून दोन दिवसांनी घोटा काळानिळा दिसतो.

दुसरा मोठा मेसेज म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. ते वेदनेच्या नसांना जास्त संवेदनशील करतं. साध्या भाषेत, आवाज तोच पण व्हॉल्यूम वाढवलेला. त्यामुळे एरवी जाणवलाही नसता असा हलका स्पर्श आता ठणका देतो.

हे सगळं त्रासदायक आहे, पण बिनकामाचं नाही. त्याच फटींतून रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत पोहोचतात. काही तासांत न्यूट्रोफिल येतात, मग मॅक्रोफेज येऊन तुटकं-फुटकं साफ करतात आणि दुरुस्तीचे नवे मेसेज सोडतात. आणि वेदना? ती तुम्हाला लंगडायला लावते, म्हणजे त्या पायावर भार पडत नाही.

पेनकिलरला दुखरी जागा सापडते कशी?

खरं सांगायचं तर सापडतच नाही! गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्ताबरोबर सगळ्या शरीरात फिरते.

अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे. पण ती काम कशी करते हे सत्तरएक वर्षं कोणाला नीट माहीत नव्हतं. १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं, की अ‍ॅस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही. या कामासाठी १९८२ चं नोबेल पारितोषिक त्यांना आणि स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांना मिळून देण्यात आलं. प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमला कॉक्स म्हणतात. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक ही औषधं या कॉक्सलाच अडवतात.

आता गंमत बघा. प्रोस्टाग्लँडिन फक्त घोट्यातच काम करत नाही. पोटात ते अ‍ॅसिडपासून आतल्या अस्तराचं रक्षण करतं. शरीरात पाणी कमी झालं की किडनीचा रक्तपुरवठा टिकवायला मदत करतं. आणि रक्तातल्या प्लेटलेट्स त्याच कॉक्सच्या मदतीने थ्रॉम्बोक्सेन नावाचा मेसेज बनवतात, तो रक्त गोठवायला लागतो. गोळी घोट्यातला मेसेज बंद करते तेव्हा या सगळ्या जागी कमी-जास्त परिणाम होतो. म्हणून या गोळ्यांनी पोटात जळजळ होते, अल्सर होऊ शकतो. म्हणून उलट्या-जुलाब झालेल्या माणसाच्या किडनीवर त्या भारी पडू शकतात.

आता डेंग्यूचं उत्तर सोपं आहे. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच कमी होतात आणि रक्तस्रावाचा धोका असतो. त्यात उरलेल्या प्लेटलेट्सचा मेसेजही बंद केला तर धोका वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की डेंग्यूच्या तापात अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळा, तापासाठी पॅरासिटामॉल वापरा. पॅरासिटामॉल नेहमीच्या डोसमध्ये प्लेटलेट्सना फारसा त्रास देत नाही. पण तिचाही जास्त डोस लिव्हर खराब करतो, हे विसरू नका. पावसाळ्यात ताप आला की घरातली कुठलीही पेनकिलर उचलून घेऊ नये, ते याचसाठी.

मग बर्फ लावायचा की नाही?

१९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी एका पुस्तकात सूत्र दिलं: आराम, बर्फ, दाब देणारी पट्टी आणि पाय उंच ठेवणं. हे सूत्र जगभर पोहोचलं. पण २०१४ मध्ये खुद्द मर्किन यांनीच लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण आराम यामुळे बरं होणं लांबू शकतं. कारण आपण वर पाहिलंच: सूज घेऊन येणाऱ्या पेशीच दुरुस्ती सुरू करतात. २०१९ मध्ये आलेल्या नव्या सूत्रात तर सुरुवातीला सूज मारणाऱ्या गोळ्या टाळा असंही सुचवलं आहे.

याचा अर्थ वेदना सहन करत बसा असा नाही. थोडा वेळ बर्फ लावला तर ठणका कमी होतो, ते ठीक. पहिले एक-दोन दिवस पायाला जपा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा आणि मग झेपेल तसं हळूहळू हालचाल सुरू करा. मात्र चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर हाड मोडलेलं असू शकतं. तेव्हा एक्स-रे काढाच.

मेसेज आपोआप थांबतात का?

मला यातली सर्वात भारी वाटलेली गोष्ट ही. आधी समज असा होता, की सूज हळूहळू विरत जाते, बस्स. अमेरिकेतल्या चार्ल्स सेरहान यांनी १९८४ पासून केलेल्या कामातून वेगळं चित्र दिसलं. शरीर 'आता थांबा' असे स्वतंत्र मेसेजही बनवतं. लिपॉक्सिन आणि रिझॉल्विन ही त्यांची नावं. न्यूट्रोफिलची आवक थांबवा, मेलेल्या पेशी उचला, असं ते सांगतात. म्हणजे सूज ओसरणं हेही एक कामच आहे.

आणि ते काम झालंच नाही तर?

ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात, त्यात हेच होतं. सांध्यात इजा नसतानाही धोक्याचे मेसेज चालूच राहतात आणि हळूहळू कूर्चा व हाड झिजतं. या मेसेजांच्या गर्दीत टीएनएफ हा एक मुख्य मेसेज असल्याचं लंडनमधल्या दोन संशोधकांनी ओळखलं: मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रवींदर मैनी. १९९२ मध्ये त्यांनी टीएनएफला अडवणारी अँटिबॉडी रुग्णांना देऊन पाहिली आणि दुखणं, सूज झपाट्याने कमी झाली. या कामासाठी २००३ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला. आज त्या प्रकारची इंजेक्शनं भारतातही मिळतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००१ मध्ये डॉक्टरांनी कळवलं, की अशी इंजेक्शनं घेणाऱ्या काही रुग्णांना टीबी झाला. का? टीबीचे जंतू अनेकांच्या शरीरात शांत पडून असतात, कारण पेशी त्यांच्याभोवती भिंत बांधून त्यांना कोंडून ठेवतात. ती भिंत टिकवायला टीएनएफच लागतं! जो मेसेज सांधा झिजवतो, तोच फुप्फुसात पहारा देतो. म्हणून आपल्यासारख्या टीबी जास्त असलेल्या देशात ही इंजेक्शनं देण्याआधी टीबीची तपासणी करणं फार महत्त्वाचं असतं.

कोविडने शिकवलेली वेळ

कोविडमध्येही हाच प्रश्न समोर आला. काही रुग्णांत विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचाच दाह फुप्फुसाचं जास्त नुकसान करत होता. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दिसलं, की डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना काहीच फायदा दिसला नाही.

स्टेरॉइड एका मेसेजला नाही, एकदम अनेक मेसेजांना दाबतं, आणि रक्तातली साखरही वाढवतं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण आढळले. ताब्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा गरज नसताना किंवा जास्त झालेला वापर ही त्यामागची मोठी कारणं मानली जातात. औषध तेच. कोणाला, कधी आणि किती दिलं, यावर ते जीव वाचवणार की धोका वाढवणार हे ठरलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला सीआरपी रिपोर्ट कसा वाचायचा?

ताप आला की लॅबकडून येणाऱ्या पीडीएफमध्ये सीआरपी लिहिलेलं असतं. दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ नावाचा मेसेज रक्तातून लिव्हरपर्यंत जातो आणि लिव्हर सीआरपी बनवू लागतं. त्यामुळे सीआरपी वाढलेलं दिसलं तर 'शरीरात कुठेतरी मेसेज जोरात चालू आहेत' एवढंच कळतं. कुठे आणि कशामुळे, हे तो आकडा सांगत नाही. कारण संपलं की रक्तातलं सीआरपी साधारण दर १९ तासांनी निम्मं होत जातं. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर न थांबता दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासणी सांगतात. फक्त आकडा पाहून गुगल करत घाबरण्यात अर्थ नाही.

तर मित्रांनो, पेनकिलर मागायला जाल तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला आत्ता नेमकं काय थांबवायचंय? ताप आहे का, आणि तो डेंग्यूचा असू शकतो का? पोटाचा, किडनीचा त्रास किंवा आधीची काही औषधं चालू आहेत का? तिन्हींची उत्तरं मेडिकलवाल्याला किंवा डॉक्टरांना सांगा आणि मगच गोळी घ्या. आणि तीन-चार दिवसांनंतरही गोळीशिवाय चालत नसेल, तर गोळी बदलून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. मेसेज अजून येतोय, म्हणजे तिकडे काहीतरी बाकी आहे.