गोठ्यातून दवाखान्याकडे : वाट शिष्यवृत्तीची

पावसाळ्याच्या तोंडावर तुमच्या गावात मोटारसायकलवरून एक माणूस येतो, पाहिलाय ना? मागे बर्फाची पेटी, पेटीत लशीच्या बाटल्या. वेशीजवळ गुरं जमतात. कुणी शिंगं धरतं, कुणी वेसण. हा माणूस बैलाच्या मानेवर थाप मारतो, गोड बोलतो आणि बैलाला कळायच्या आत सुई टोचून मोकळा होतो! घटसर्पाची लस दिली, की पुढची गाय.

गावात सगळे त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात. पण पुष्कळदा तो डॉक्टर नसतो. आपल्याकडे त्याला पशुधन पर्यवेक्षक म्हणत आले आहेत. पशुवैद्यकाची पदवी वेगळी, तिला बारावी विज्ञान आणि प्रवेश परीक्षा लागते. याचं शिक्षण पदविकेचं. लस टोचणं, जखम धुऊन पट्टी बांधणं, ताप मोजणं, रक्ताचे नि शेणाचे नमुने घेणं ही त्याची कामं. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार अशा किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली द्यायच्या असतात.

किरकोळ म्हणून हे काम हलकं समजू नका हं! बुळकांडी नावाचा रोग तुमच्या आजोबांना विचारा. हा रोग शिरला, की गोठेच्या गोठे ओस पडत. २०११ साली तो जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग! तो संपला तो गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचणाऱ्या हातांमुळे. २०२२ मध्ये लम्पीची साथ पसरली, तेव्हाही असेच हात गावोगाव राबले.

आता सांगा, असे हात कुणाचे हवेत? ज्याला गाय जवळ येऊ देते त्याचे! तुमच्यापैकी कितीतरी जण पहाटे धार काढून शाळेत जातात. म्हैस रवंथ करत नाही, म्हणजे तिचं काहीतरी बिनसलंय, हे तुम्हाला पुस्तकाशिवाय कळतं. शेळी अडली, तर रात्री कंदील धरून कोण बसतं? तुम्हीच ना! पण दहावी झाली, की घरी विचार सुरू होतो. फी कुठनं भरायची? वसतिगृहाचं काय? खानावळीचं काय? आणि गुरांची जाण असलेलं तेच पोर शिक्षण सोडतं. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी लवकर घडतं.

म्हणून आज शिष्यवृत्तीची गोष्ट. शिष्यवृत्ती फक्त पहिल्या नंबराला मिळते, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. घरची परिस्थिती पाहून मिळणाऱ्या शिष्यवृत्त्याही आहेत, आणि त्या परत फेडायच्या नसतात.

नागपूरला २००० साली महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं. पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाच्या पदविका त्याच्या अखत्यारीत चालतात. शिकणाऱ्यांसाठी तीन योजना लक्षात ठेवा.

पहिली, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. नावातच आहे, ती फीसाठी. दुसरी, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलामुलींना राहण्या-जेवणासाठी ती मदत करते. तिसरी, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. ती १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली; पुढे इतर मागास घटकांसाठीही अशा योजना आल्या.

ही नावं उगाच दिलेली नाहीत. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. खेड्यातलं पोर शहरात आलं, तर आधी त्याला छप्पर हवं, हे त्यांनी ओळखलं. पंजाबराव विदर्भातल्या पापळ गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले.

अर्ज ‘महाडीबीटी’ या सरकारी संकेतस्थळावर भरतात. आणि खरी गंमत, खरं म्हणजे खरी अडचण, इथेच आहे! मार्क कमी पडले म्हणून जितकी मुलं अडतात, त्याहून जास्त कागद कमी पडला म्हणून अडतात, असं वाटावं इतकी ही धांदल असते. तेव्हा निकालाची वाट न पाहता कामाला लागा.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि अल्पभूधारक असल्याचा दाखला, शिधापत्रिका, गुणपत्रिका हे सगळं एका पिशवीत ठेवा. बँकेत खातं तुमच्या नावाचं हवं आणि ते आधारशी जोडलेलं हवं. खातं आहे, पण आधार जोडलेलं नाही, अशाने मंजूर रक्कमही अडकते. दाखल्यावरचं नाव, गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, तेही पाहा.

प्रवेश घेण्याआधी संस्थेच्या कार्यालयात दोन प्रश्न विचारा, लाजू नका. “ही संस्था विद्यापीठाच्या यादीत आहे का?” आणि “या अभ्यासक्रमाला इथे कोणती शिष्यवृत्ती लागू आहे?” नुसत्या ‘पशुवैद्यकीय कोर्स’ अशा पाटीवर भुलू नका. यादी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. उत्पन्नाची मर्यादा नि शेवटची तारीख बदलत असते, तीही त्याच वर्षीची बघा.

आणखी एक. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे पुढच्या वर्षी आपोआप मिळते, असं नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावाच लागतो. शिवाय पैसे खात्यात यायला वेळ लागतो. तोवरच्या खानावळीची सोय घरच्यांशी बोलून आधीच करा.

तुम्ही अजून सातवी-आठवीत असाल, तर आज एवढंच करा. पुढच्या वेळी लसवाले काका गावात आले, की गाईची वेसण धरायला पुढे व्हा. ते सुई कशी भरतात, बाटली बर्फातच का ठेवतात, ते विचारा. आणि तुमच्या ताईचा किंवा दादाचा दहावीचा निकाल लागायचा असेल, तर हा अंक त्यांच्या हातात द्या. दाखल्याच्या रांगेत त्यांच्याबरोबर उभं राहायलाही जा!